मंगळवार-शुक्रवारची गाडी

खुर्ची दोन बोटं खाली होती.

संगणकासमोरच्या त्या खुर्चीची उंची मी एकदा ठरवली ती ठरवली. तिला हात लावायची घरात कुणाला मुभा नव्हती. आणि घरात होतं तरी कोण? मी आणि वृषाली. त्या मंगळवारी शिरोलीच्या कारखान्यातून साडेपाचला आलो, बूट काढले, बसलो आणि रोज डोळ्यांसमोर असणारा पडदा एकदम कपाळावर आला.

"वृषाली, खुर्चीवर कोण बसलं होतं?"

"कोण बसणार? झाडताना दांड्याला धक्का लागला असेल," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी पाणी प्यायला आत गेलो. ओट्यावर धुतलेले दोन कप उपडे घातले होते. वृषालीला दुपारचा चहा सोसत नाही, पित्त होतं. हे मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. पाणी प्यालो, कपांकडे बघितलं, पुन्हा पाणी प्यालो.

याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा आम्ही कोल्हापुरात शुक्रवार पेठेत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. वृषाली सकाळी बालवाडीत शिकवून बाराला घरी यायची आणि मी दिवसभर कारखान्यात ड्रॉइंग काढायचो. त्या काळी घरच्या नेटला लिमिट असायचं. आमचं महिन्याला साठ जीबी. ते एक तारखेला भरायचं आणि जपून वापरलं तर अठ्ठावीसपर्यंत पुरायचं. संपलं की नेट बंद पडत नसे, पण पंक्चर सायकल हातानं ढकलत न्यावी तसं चालायचं. मी बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी चार मित्रांबरोबर ऑनलाइन लढाईचा गेम खेळायचो. जानेवारीत ऐन सामन्यात लिमिट लागलं, मी पडद्यावर खांबासारखा उभा राहिलो आणि आम्ही हरलो. मार्चमध्ये पुण्याच्या एका स्पर्धेची निवड होती. "परत अडकलास तर तुझ्या जागी दुसरा घेणार," असं त्या चौघांनी मला तोंडावर सांगितलं होतं.

म्हणून मी घरात कायदाच केला होता. मालिका बघायची तर सगळ्यात खालच्या दर्जावर बघायची. त्या दर्जात माणसांच्या तोंडांच्या जागी बटाटे दिसतात. बिचारी वृषाली महिनोन्महिने बटाट्यांची भांडणं आणि बटाट्यांची लग्नं बघत होती आणि हूं की चूं करत नव्हती.

त्या मंगळवारी मी नेटवाल्याच्या साइटवर आमचं खातं उघडलं. रोज किती जीबी गेले ते तिथं दिसायचं. सोमवारी अर्धा, बुधवारी एक, गुरुवारी अर्धा. आणि मंगळवारी चार. मागच्या शुक्रवारीही चार, त्याआधीच्या मंगळवारीही चारच. दर मंगळवार-शुक्रवार, मी कामावर असताना, माझ्या घरात कुणीतरी चार-चार जीबी उडवत होतं.

"मंगळवारी काय बघतेस गं दुपारी?"

"काही नाही. मालिकाच."

"खालच्या दर्जावर?"

"हो की," ती म्हणाली आणि कढईतली भाजी गरज नसताना हलवायला लागली.

खोटं बोलताना वृषालीचे कान लाल होतात. ते लाल झाले होते.

संशय घरात शिरला की त्याला पाट लागत नाही. तो कुठंही बसतो. माझा जाऊन बसला नेटवाल्या प्रीतमवर. जानेवारीत वायर बदलायला आलेला पोरगा, गोरापान, केसांना जेल, आणि उंचीनं माझ्यापेक्षा बरोबर दोन बोटं कमी. वायर बदलायला त्याला दीड तास लागला होता आणि वृषालीनं त्याला कांदेपोहे दिले होते. मला त्या दिवशी शिळी भाकरी होती. आधी हे मी विसरलो होतो. आता पोह्यांवरचं खोबरंसुद्धा आठवलं. बुधवारी खेळताना मी शत्रू सोडून आमच्याच माणसावर गोळ्या झाडल्या. गुरुवारी ती भांडी घासताना गुणगुणत होती. लग्नाला पाच वर्षं झाली होती, माझ्यासाठी कधी गुणगुणली होती ती?

शुक्रवारी दीड वाजता दाढ दुखते असं सांगून मी कारखान्यातून सुटलो. दारात बाहेर चप्पल नव्हती. हुशार आहे, म्हटलं, आत ठेवली. किल्ली हळूच फिरवली.

आतल्या खोलीतून आवाज आला. टण टण.

मग वृषालीचा आवाज, एवढा मोकळा की मला आधी तो तिचा वाटलाच नाही. "चला, मलकापूर सुटली! आंबा, साखरपा, पाली, रत्नागिरी! पुढं सरका, दारात उभं राहू नका!"

आणि एक पुरुष हसला. पोटातून, घरंगळत, ठसका लागेपर्यंत. ते हसू मला ओळखीचं वाटलं आणि ओळखता येईना. मी दाराच्या पडद्याच्या फटीतून बघितलं.

माझ्या खुर्चीत माझे वडील बसले होते.

आबांनी मळकी खाकी टोपी घातली होती. मी एका रेसिंग गेमसाठी हौसेनं आणलेलं आणि वर्षभर कपाटावर धूळ खात पडलेलं स्टिअरिंग त्यांच्यापुढे टेबलाला घट्ट बसवलं होतं. त्याची वायर खाली लोंबत होती, कशालाच जोडलेली नव्हती. पडद्यावर गेम नव्हताच. कुणीतरी गाडीच्या पुढच्या काचेतून काढलेला कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्याचा व्हिडिओ चालू होता, वरच्या दर्जातला, पानन् पान दिसणारा. रस्ता डावीकडे वळला की आबा स्टिअरिंग डावीकडे वळवत होते. शेजारी स्टुलावर वृषाली, हातात स्टीलचा पेला आणि चमचा.

"पोरी, घाट लागला. कंडक्टरनं घाटात झोपायचं नसतं."

"झोपले नाही आबा, तिकिटं फाडतेय."

"ती पाटी बघ. 'वाहने सावकाश हाका.' खालची बारकी अक्षरंबी वाचतो मी. अन् म्हणं म्हाताऱ्याला दिसत न्हाई! पोटच्या पोरानं डेपोत जाऊन सांगितलं."

"आबा, रस्त्याकडं बघा."

मी जिना उतरून खाली आलो. प्रीतम नव्हता, बायको इमानी होती. खरं तर मी नारळ फोडायला हवा होता. पण मघापेक्षा दुप्पट जळत होतो. पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसलो आणि पाच वाजेपर्यंत पाण्याकडे बघत राहिलो.

आबा सहा वर्षं माझ्याशी बोललेले नव्हते. एस.टी.त एकतीस वर्षं ड्रायव्हर. कोल्हापूर-रत्नागिरी त्यांचीच गाडी; एकही अपघात नाही म्हणून छातीवर बिल्ला. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली असताना मी एकदा त्यांच्याच गाडीत बसलो होतो. मलकापूरच्या पुढं डाव्या बाजूनं डोक्यावर भारा घेतलेली एक बाई रस्त्यात आली. मी मागून बघतोय, सगळी गाडी बघतेय आणि आबांचा पाय ब्रेककडं जाईना. कंडक्टरनं दोरी ओढली. टण. एक बेल म्हणजे थांब. एकतीस वर्षांच्या सवयीनं पाय आपोआप दाबला गेला आणि बाई वाचली. समोरचं त्यांना लख्ख दिसायचं, पण बाजूचं दिसत नव्हतं. डॉक्टरकडं चला म्हणून मी महिनाभर मागं लागलो. ऐकेनात. मग मी डेपोत जाऊन सांगितलं. तपासणी झाली, काचबिंदू निघाला. शेवटची दोन वर्षं त्यांना डेपोच्या फाटकावर बसवलं. गाड्या आत येताना आणि बाहेर जाताना लिहून ठेवायचं काम. त्या दिवसापासून गावाकडं, बांबवड्याच्या आबांच्या घरात माझ्यासाठी दार उघडं होतं, तोंड बंद होतं. मग मीही जाणं सोडलं. त्यांचं नाव माझ्या घरात काढायचं नाही, असं वृषालीला बजावलं.

मला एकच हवं होतं. त्यांनी एकदा म्हणावं, रणज्या, तू बरोबर होतास. सहा वर्षं मी त्या एका वाक्याची वाट बघत होतो. आणि इथं ते माझ्याच खुर्चीत बसून, माझ्याच नेटवर, मला खोटं ठरवत होते. आणि हसत होते. मला ते हसू का ओळखता आलं नाही ते घाटावर बसल्यावर कळलं. आबा माझ्याबरोबर तसे कधी हसलेच नव्हते. मी सहा वर्षं दारात उभा होतो आणि ही स्टुलावर बसून, पेल्यावर चमचा वाजवून ते हसू घेऊन गेली होती.

घरी गेलो तर वृषालीनं विचारलं, "दमलात?"

"दाढ दुखते," म्हटलं. कप उचलून ठेवलेले होते. शिकली होती ती.

शनिवारी सकाळी मी खातं बघितलं. सतरा जीबी शिल्लक होते. एक अवजड गेम उतरवायला लावला. मला तो खेळायचा नव्हता. उतरला तसा पुसला आणि पुन्हा उतरवायला लावला. रविवारी सकाळी तिसऱ्यांदा. वृषाली म्हणाली, "सारखं काय उतरवताय?" मी म्हटलं, "स्पर्धेची तयारी." दुपारी लिमिट लागलं. संध्याकाळी मी खेळात असा रेंगाळलो की दहाव्या मिनिटाला चौघांनी मला बाहेर काढलं आणि पुण्यासाठी दुसरा घेतला. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारे असतात म्हणतात. मी त्यातला. नाक गेल्याचं मला काही वाटलं नाही. आता घाट चढवा, म्हटलं. बघू कसा चढवता.

मंगळवारी घरी आलो तर खुर्ची खालीच होती. सरळ करायला वृषाली विसरली होती. मनात लाडू फुटत होते.

शुक्रवारी आलो तेव्हा घरात दिवा नव्हता, चूल थंड होती. वृषाली स्टुलावर बसली होती. डोळे सुजलेले.

"काय झालं?"

"तुम्ही ओरडा, मारा, काय करायचं ते करा," ती म्हणाली. "आबा इथं येतात. जानेवारीपासून. डोळे तपासायला आले होते, दवाखान्याच्या दारात भेटले, मी घरी घेऊन आले. कपाटावरचं ते चाक बघून लहान पोरासारखे उभे राहिले. मग मी तो व्हिडिओ शोधला. 'रणज्याला कळू देऊ नको' म्हणाले, म्हणून बोलले नाही."

"मग आता रडतेस कशाला?"

"आज आले नाहीत. मंगळवारी मी चहा टाकायला आत गेले, तेवढ्यात त्यांनी बंद करून टाकलं. टोपी हातात धरून बसलेले. डोकं दुखतं म्हणाले आणि गेले. आज मी फोन केला." तिनं पदरानं नाक पुसलं. "म्हणाले, 'पोरी, रस्ता दिसंना. पाटी न्हाई, कठडा न्हाई, सगळं धुकं. दोनदा डोळं पुसलं, टोपीनं काच पुसली. दिवा गेला माझा. आता न्हाई यायचा मी.' टोपी ट्रंकेत टाकली म्हणाले."

माझ्या हातातला डबा हातातच राहिला.

"आणि तुम्हाला निरोप दिलाय."

"काय?"

"'माझ्या पोराला सांग, तू बरोबर हुतास. मीच आंधळा.'"

सहा वर्षं ज्या वाक्यासाठी झुरलो ते घरपोच आलं होतं. मी खुर्चीत बसलो. पडदा कपाळावर आला. वृषालीनं तो व्हिडिओ मंगळवारी बघितलाच नव्हता. आबांचे डोळे गेले असंच तिला वाटत होतं. तो घाट कुणी पुसला ते सगळ्या कोल्हापुरात मला एकट्याला माहीत होतं. बटाटे दिसले होते आबांना. आणि खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं माझ्या मनात आलं की गप्प बसावं. डोळे आज ना उद्या जाणारच होते. वाक्य तर मिळालं होतं.

मग डोळ्यांपुढं ते दोनदा डोळे पुसणं आलं, आणि टोपीनं काच पुसणं.

"त्यांचे डोळे आहेत तसे आहेत," मी म्हणालो. "लिमिट लागलं होतं. मी लावलं. मुद्दाम."

वृषाली माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ओरडेल. तिनं फोन उचलला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला.

"सांगा."

घंटी वाजत होती. तिकडून आवाज आला, "बोल पोरी."

"आबा, मी. रणजित."

फोन ठेवला असं वाटलं. मग खाकरल्याचा आवाज आला.

"आबा, तुमचं डोळं गेलं न्हाईत. रस्ता मी घालवला. नेटला महिन्याचा कोटा असतोय, डिझेलसारखा. संपला की चित्र पुसट हुतंय, कुणालाबी पुसटच दिसतंय. मी सगळा सांडून संपवला."

"सांडून?"

"व्हय. मुद्दाम."

"का रं?"

खोटं सांगायला पुष्कळ होतं. चुकून, कामासाठी, स्पर्धेसाठी. वृषाली समोर उभी होती.

"तुम्ही तिच्यासंगं हसत हुता," मी म्हणालो. "मी दाराआडनं ऐकलं. माझ्यासंगं कवा हसला न्हाईत."

पलीकडं कुणाची तरी म्हैस ओरडली.

"कोटा कवा भरतोय?" आबांनी विचारलं.

"एक तारखेला."

"कंचा वार?"

"मंगळवार."

"मंगळवारी मी येतोयच की," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

एक तारखेला मी रजा काढली. खुर्ची मी स्वतः दोन बोटं खाली केली. बाराला आबा आले, चप्पल उचलून आत आणायला निघाले आणि मला बघून बाहेरच सोडली. मी पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला की टेकायला आधार घेतला, मला अजून सांगता येणार नाही. टोपी घातली, बसले. वृषालीनं व्हिडिओ लावला आणि पेला-चमचा माझ्या हातात कोंबला.

"मी चहा टाकते," ती म्हणाली, आणि गेली नाही; दारातच उभी राहिली.

रस्ता लख्ख उघडला. बांबवडे गेलं, मलकापूर गेलं. आबांचे खांदे सैल झाले.

"दिसतंय," ते पुटपुटले. मला नाही, रस्त्याला.

पुढं एका वळणाच्या अलीकडे पडद्याच्या डाव्या कडेनं एक बाई रस्त्यात आली, डोक्यावर गवताचा भारा. मला दिसली. दारातल्या वृषालीला दिसली. आबांचे हात चाकावर तसेच होते, नजर समोर.

वृषालीनं माझ्याकडं बघितलं. एवढे दिवस ती काय करत असेल ते मला तेव्हा कळलं. अशा वेळी ती तिकिटांचं, घाटाचं काहीतरी बोलून वेळ मारून नेत असणार. मलाही तसं करता आलं असतं. आबा खूश होते. सहा वर्षांनी माझ्या शेजारी बसले होते.

मी चमचा वाजवला. एकदा. टण.

आबांचा पाय टेबलाखाली फरशीवर आदळला. नसलेला ब्रेक दाबून ते तसेच बसले. वृषालीनं पुढं होऊन व्हिडिओ थांबवला.

"कोण हुतं?" त्यांनी विचारलं.

"बाई. डाव्या अंगानं. डोक्यावर भारा."

त्यांनी मान पूर्ण डावीकडं वळवली तेव्हा कुठं त्यांना पडद्याची ती कड दिसली. बाई तिथंच होती, पाय उचललेली. आबा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"मला न्हाई दिसली, रणज्या," ते म्हणाले. "तवाबी न्हाई दिसली."

जे वाक्य ऐकायला सहा वर्षं कान टवकारले होते, ते त्यांनी मागं घ्यावं असं वाटलं. मी त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली. चाकावर हात नीट बसवले.

"गेली का पलीकडं?"

वृषालीनं व्हिडिओ सुरू केला. बाई रस्ता ओलांडून झाडीत शिरली.

"गेली," मी म्हणालो.

"मग बेल दे की. गाडी काय हितंच ठेवायची?"

मी दोनदा वाजवली. चमचा पेल्यावरून घसरला, म्हणून दुसरी जरा उशिरा आली.

"तुझी बायको बेल बरी देती," आबा म्हणाले, आणि घाटाला लागले.